मिनिटाला चाळीस थेंब

नळमास्तरांनी आयुष्यभरात किती गळत्या बंद केल्या, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण एक गळती त्यांनी बंद केली नाही. उलट ती नीट लावली, जोपासली आणि एकतीस वर्षं लोकांच्या नजरेआड सांभाळली. प्लंबरनं गळती जोपासायची म्हणजे काय, हे कळायला तुम्ही त्या धंद्यातलेच हवेत. स्वयंपाक्यानं रोज एक भांडं मुद्दाम करपवावं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून जिवाचं रान करावं, असला तो प्रकार.

आधी नावाचं सांगतो. हा माणूस कॉलेजचा प्लंबर. शिकवणारे तिथे सत्तर-ऐंशी जण होते, पण ‘मास्तर’ म्हटलं की सगळ्यांना हाच आठवायचा. कारण नळ अर्धवट बंद करून निघालेला माणूस दिसला, मग तो पहिल्या वर्षाचा पोरगा असो नाहीतर खुद्द प्राचार्य, मास्तर त्याला जागच्या जागी उभं करून पाच मिनिटं सुनवायचे. अंगकाठी किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ, पण विषय पाण्याचा निघाला की ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसायचं. कान असा तयार की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपला आणि मूठ कानाला लावून कितव्या मजल्यावरचा नळ वाहतोय ते सांगायचे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथे पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असायचं. प्लंबरच्या खिशात शिंप्याचा दोरा कशाला, असं कधी कुणी विचारलं नाही. लोकांना दुसऱ्याच्या खिशात काय आहे याच्यापेक्षा आपल्या खिशाची काळजी जास्त.

नोकरी लागली तेव्हा मास्तर एकोणतीस वर्षांचे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे पाठवलं. तिथे इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागेल इतका. उत्तरेची बाजू, ऊन म्हणून कधी लागायचं नाही. डोक्याच्या वर हातभर उंचीवरून एक जुना लोखंडी पाइप गेलेला, त्याचा जोड गळत होता आणि भिंत वरपासून खालपर्यंत हिरवीगार झाली होती. पायथ्याशी एक दगडी कुंडी होती, तिच्यात शेवाळ माजलं होतं. मास्तरांनी पाना लावला, तेवढ्यात मागच्या दारातून एक बाई धावत आल्या. बोटांना खडू, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि चेहरा असा की जणू हा माणूस त्यांच्या लेकराला पाना लावतोय.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या.

“गळतंय ते,” मास्तर म्हणाले.

“माहितेय. दोन वर्षं गळतंय. मीच दुरुस्ती होऊ दिली नाही.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी वाया घालवणारे पुष्कळ पाहिले होते, पण ते असं तोंड वर करून सांगणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते. बाईंना ते दिसलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, “दहा मिनिटं आत या. पटलं नाही तर खुशाल बंद करा. मी शब्द नाही बोलणार.”

आत नेऊन त्यांनी भिंतीवरच्या नेच्याचा एक देठ घेतला. नेचा म्हणजे ती कातरलेल्या पिसासारख्या पानांची झुडपं, ओलसर सावलीत उगवतात ती. ब्लेडनं त्या देठाची कागदाहून पातळ चकती कापली, काचेवर ठेवली आणि मास्तरांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मास्तरांनी लावला. पहिल्यांदा स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग गोल गोल भोकं दिसली, जाड कडांची, एकमेकांना खेटून बसवलेली.

“हे पाइप आहेत,” मास्तर म्हणाले.

“पाइपच आहेत. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचं काम आहे हे. तुमच्या धंद्याचे मूळ पुरुष.”

मास्तर बराच वेळ डोळा काढेनात. चाळीस कोटी म्हणजे नेमकं किती, हे त्यांना कळलं नाही. तुम्हाला-मला तरी कुठे कळतं? पण जोडकाम त्यांना कळलं. एकही पाइप वाकडा नव्हता, एकही चेपलेला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि खालचं ते मखमलीसारखं आहे, त्याला?”

“त्याला मॉस म्हणतात. त्याला पाइप नाहीत. म्हणून तर बिचारं बोटभरही वाढत नाही. पाणी वर चढवणार कसं?”

झालं. माणूस तिथेच विरघळला. दहा मिनिटांचा दीड तास झाला, आणि संध्याकाळी पाना घेऊन घरी परतताना मास्तरांच्या लक्षात आलं की गळती तशीच राहिलीय.

बाईंची ती भिंत म्हणजे त्यांचा फळाच होता. दरवर्षी नवी मुलं आली की दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यांना बोळात आणायच्या, ओळीनं उभं करायच्या आणि खालून वर सांगत जायच्या. मास्तर मागे हत्यारांची पेटी घेऊन उभे. बाई आधी कुंडीत हात घालायच्या आणि शेवाळाचा हिरवा गुंता वर काढायच्या. “एके काळी जमिनीवर हिरवं काही नव्हतं,” त्या म्हणायच्या. “उघडे दगड नुसते. जे हिरवं होतं ते पाण्यात, आणि पाण्यात त्यांचं मस्त चाललं होतं. चारी बाजूंनी पाणी, उभं राहायला पाण्याचाच आधार, पोटाला लागेल ते पाण्यातूनच. मग बाहेर कशाला यायचं? कुणी ठरवून आलं नाही, बाळांनो. डबकी आटायची. आटली की बहुतेक शेवाळ मरायचं. ज्या थोड्यांच्या अंगात कोरड सोसायची धमक होती ते टिकायचे, पुन्हा पाणी आलं की वाढायचे. हे लाखो वर्षं चाललं. काठावर राहून राहून त्यांच्या वंशातलं कुणीतरी काठावरचंच झालं.”

मग त्या भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर बोट ठेवायच्या. तिथे चपटी हिरवी पानं दगडाला पोट लावून पडलेली असायची. ना खोड, ना खरं मूळ. त्या वनस्पतीचं पुस्तकातलं नाव मास्तरांच्या जिभेवर बसेना, म्हणून बाईंनी तिला ‘चपटी’ म्हणायला सुरुवात केली, आणि मुलंही परीक्षेत चपटी लिहायला लागली. त्यावरून विभागप्रमुख बाईंवर उखडले होते, पण तो भाग सोडा. चपटीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. त्याच थरात श्वासापुरती बारीक भोकं. तिच्यावर मॉसची मखमल, आणि सगळ्यात वर, जोडाजवळ, तो नेचा. अंगात नळ असलेला, म्हणून ताठ मानेनं वर गेलेला.

एकदा एका मुलीनं विचारलं होतं, “म्हणजे हे शेवाळ नेच्याचे आजोबा का?”

“छे,” बाई म्हणाल्या. “आजोबा केव्हाच गेले. ही सगळी चुलत भावंडं. कुणी घरी राहिलं, कुणी बाहेर पडलं. आणि बाहेर पडले त्यांचंही माहेर सुटलेलं नाही. मॉस बघा, नेचा बघा, यांच्या नराच्या पेशींना मादीपर्यंत अजून पोहत जावं लागतं. लग्नापुरतं का होईना, पाणी पाहिजेच. म्हणून हा थेंब पाहिजे.”

हे वाक्य मास्तरांनी मनावर घेतलं. पहिल्या वर्षीच त्यांच्या लक्षात आलं होतं की बाईंची गळती बेभरवशाची आहे. कधी धार, कधी चार दिवस काहीच नाही. गळायचंच आहे तर नीट गळावं, हे त्यांच्यातल्या कारागिराला पटलं. त्यांनी एका रविवारी जोड उघडला, नवा बसवला आणि आट्यांमध्ये पांढऱ्या दोऱ्याचे सात पदर अशा बेतानं गुंडाळले, की पाणी थेंबाथेंबानं सुटेल आणि दोऱ्यावरून उतरून भिंतीवर पसरेल, खाली टपकणार नाही. मिनिटाला चाळीस थेंब. कडक उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस. दोरा कुजायचा, म्हणून दर दोन महिन्यांनी बदलायचा. घड्याळ हातात धरून मास्तर थेंब मोजत उभे राहायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. ही माझी टीका नव्हे, पुढे सगळं कळल्यावर त्यांच्या बायकोनं केलेली आहे.

अडचण फक्त तक्रारवहीची होती. वर्षातून एकदा इमारतींची तपासणी व्हायची आणि वहीत न चुकता नोंद यायची: ‘उत्तर भिंत. गळती.’ समोरच्या रकान्यात प्लंबरनं काय केलं ते लिहायचं असे. खोटं लिहिणं मास्तरांच्या जिवावर यायचं आणि खरं लिहायची सोय नव्हती. बराच विचार करून पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, ‘काम चालू आहे.’ दुसऱ्या वर्षी तेच. अशी एकतीस वर्षं. बाई निवृत्त झाल्या, प्राचार्य चार बदलले, मास्तरांचे केस पांढरे झाले, काम आपलं चालू.

घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. बायको धुण्याआधी खिसे तपासायची तेव्हा ओले दोरे निघायचे. सुरुवातीला तिला भलताच संशय आला होता, पण भलत्या ठिकाणी जाणारा माणूस ओला दोरा घेऊन परत येत नाही, एवढी अक्कल तिला होती. तिनं विचारणं सोडलं. खरी गोष्ट ही, की मास्तरांना लाज वाटायची. गावभर ज्याच्या नावानं गळत्या थांबायच्या, त्यानं स्वतः एक लावून ठेवलीय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सगळ्यात जास्त लाज वाटायची ती थोरलीची.

मास्तरांना दोन मुली. धाकटी हिशेबात हुशार, ती बँकेत लागली. थोरली लहानपणापासून बापाच्या पेटीशी खेळली. सातव्या वर्षी तिला पाना कसा धरायचा ते येत होतं, चौदाव्या वर्षी तिनं शेजाऱ्यांची टाकी जोडून दिली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, मास्तरांनी लक्ष दिलं नाही. उलट तिला शिकवताना ते फार कडक असायचे. “जोड केला आणि गळला, तर आपण तोंड दाखवायचं नाही,” असं ते तिला सांगायचे. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं, की तिच्या हातचा जोड पंधरा वर्षांत एकदाही गळला नाही. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागेसाठी नऊ जणांची परीक्षा झाली आणि थोरली पहिली आली. मास्तर त्या दिवशी तीन वेळा चहा प्यायले, आणि तिन्ही वेळा साखर घालायला विसरले.

गळतीचं तिला सांगायचं होतंच. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. तेवढ्यात मास्तरांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दोघं नवरा-बायको तिकडे गेले. दोरा नवा होता, दोन महिने बघायला नको, म्हणून मास्तर निर्धास्त होते. परतायला पंधरा दिवस लागले.

इकडे थोरलीच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी स्टोअरकीपरनं तिच्यापुढे तक्रारवही उघडली. हा माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवायची त्याला खोड होती. “हे बघ,” तो म्हणाला. “सगळे म्हणतात तुझा बाप म्हणजे जादूगार. एक गळती त्याला एकतीस वर्षांत थांबवता आली नाही. काम चालू आहे, काम चालू आहे. काम होतं की कीर्तन?”

थोरलीनं पानं उलटली. बापाचं अक्षर ती झोपेतही ओळखली असती. प्रत्येक पानावर तेच. तिचा चेहरा उतरला. बापाला एखादं काम जमलं नाही, हे तिला नवीन होतं. त्याहून जास्त हे लागलं, की ते त्यानं असं लपवलं. तिनं ठरवलं की बाबा परत यायच्या आत हा डाग पुसायचा, आणि कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही.

तिनं जुना पाइप कापून काढला, नवा बसवला, जोडाला टेप लावली, दाब देऊन तासभर तपासलं. एक थेंब नाही. कुंडी निसरडी झाली होती, तीही तिनं पत्र्यानं खरवडून स्वच्छ केली. वहीत लिहिलं: ‘काम पूर्ण.’ खाली सही केली आणि स्टोअरकीपरला दाखवली. त्यानं वही मिटून कपाटात ठेवली, आणि तिला फार बरं वाटलं.

मास्तर परत आले त्याच दुपारी ती त्यांना म्हणाली, “बाबा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवायचीय.”

बोळाच्या तोंडाशीच मास्तर थबकले. तो वास नव्हता. ओल्या मातीचा, गार, हिरवा वास तिथे एकतीस वर्षं असायचा. ते पुढे गेले. यंदा पाऊस लांबला होता, आणि बारा दिवसांचा उन्हाळा भिंतीवरून फिरून गेला होता. चपटी जळक्या कागदासारखी दगडाला चिकटली होती. मॉस काळपट पडून आत वळलं होतं. नेच्याची पानं तपकिरी होऊन लोंबत होती, हात लावला की चुरा. कुंडी पांढरी स्वच्छ. आणि वर, ज्या जागी पांढरा दोरा असायचा, तिथे एक नवा जोड. मास्तरांनी सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला. कोरडा ठणठणीत. इतका सुरेख जोड त्यांनी स्वतःही क्वचितच केला असेल.

“छान झालाय,” ते म्हणाले, आणि पेटीवर बसले.

थोरली हसत होती. मग तिनं त्यांचा चेहरा बघितला आणि तिचं हसू मावळलं. “काय झालं?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. बाई, सूक्ष्मदर्शक, चाळीस थेंब, दोरा. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बरोबर नऊ दिवसांनी बाई येणार होत्या. निवृत्तीला सतरा वर्षं झाली तरी दरवर्षी नव्या मुलांना भिंत दाखवायला त्या यायच्याच. आता त्या सत्त्याहत्तरच्या होत्या, नजर अधू झाली होती, बोटांनी चाचपून सांगायच्या. गेल्या वर्षी जाताना म्हणाल्या होत्या, “मास्तर, पुढच्या वेळी बहुतेक शेवटचंच.”

थोरली खाली बसली. “मला सांगितलं का नाही तुम्ही?” ती म्हणाली. आवाजात राग होता आणि त्याच्याखाली रडू. “मी तुमची लाज राखायला गेले. मारून टाकलं मी सगळं.”

“तू हसशील असं वाटलं,” मास्तर म्हणाले. “गळती म्हणजे तोंड दाखवायची सोय नाही, असं मीच तुला शिकवलं. मग कसं सांगू, की माझं सगळ्यात आवडतं काम हेच आहे?”

मग मास्तर उठले, नळावर ओंजळ भरली आणि काळपट मॉसवर सोडली. “बघ आता,” ते म्हणाले. थोरलीला वाटलं, बाबांना उन्हाचं लागलंय. पण मिनिटभरात त्या काळ्या चिंधीत काहीतरी हललं. वळलेली बारीक पानं एकेक करून उघडायला लागली, आणि बघता बघता हाताएवढी जागा हिरवी झाली. थोरलीनं त्यावरून बोट फिरवून बघितलं.

“हे मेलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “बाई सांगतात, याला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून हे वाळायला शिकलं. वाळून वाट बघत बसतं. बाकीच्यांचं मात्र माहीत नाही. नेच्याचं तर मुळीच नाही.”

“मग गळती लावा परत.”

“तू लाव. नोकरी तुझी आहे.”

आणि इथे खरी पंचाईत झाली. थोरलीला गळती लावता येईना. पंधरा वर्षं हाताला एकच वळण, घट्ट. तिनं जोड सैल केला तर धार लागली, दोघं भिजली. आवळला तर ठणठणीत. दोरा कमी गुंडाळला, जास्त गुंडाळला, उलटा गुंडाळला. बोटं आपणहून आवळायचीच. सहाव्यांदा ती वैतागून म्हणाली, “बाबा, हातच वळत नाही हो माझा.” मास्तरांना मनापासून हसू आलं. कुठल्याही बापाला याहून चांगलं प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, सात पदर कसे तिरपे घालायचे ते दाखवलं, आणि शेवटचा पाव आटा सोडून द्यायला सांगितला. “इथे थांब. आता थांबायचं. पुढचं पाणी बघेल.” संध्याकाळपर्यंत जमलं. थोरलीनं घड्याळ लावून मोजलं. सत्तेचाळीस. थोडं हलवलं. अठ्ठेचाळीस.

त्यानंतरचे नऊ दिवस बापलेकीचा जीव टांगणीला लागला होता. मास्तर निवृत्त असून रोज सकाळी कॉलेजात हजर. कुंडीत तिसऱ्या दिवशी हिरवट झाक आली. शेवाळाची काळजी नव्हतीच, त्याला फक्त पाणी दाखवायचं. चपटीची मोठी पानं गेली ती गेलीच, पण दगडांच्या फटींत, सावलीच्या बेचक्यात, सातव्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके दिसले. नेचा मात्र ढिम्म. थोरली रोज टाचा उंचावून त्याच्या बुंध्याशी बघायची आणि परत कामाला लागायची. बायकोनं एकदा विचारलं, कुणाचं आजारपण आहे का कॉलेजात, तेव्हा मास्तरांनी तिलाही सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “म्हणजे ते दोरे यासाठी होते. एकतीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतंत तर मी दोन रात्री जास्त झोपले असते.”

नवव्या दिवशी बाई आल्या. काठी टेकत, मागे चाळीस मुलं. मास्तरांनी सांगायचं काय ते ठरवून ठेवलं होतं: मी गावाला होतो, पाइप फुटला, दुरुस्ती करावी लागली. तोंड उघडायच्या आत थोरली पुढे झाली.

“बाई, मी यांची थोरली मुलगी. गळती मी बंद केली. मला माहीत नव्हतं. बारा दिवस भिंत कोरडी होती.”

बाईंनी काठी मास्तरांकडे दिली आणि दोन्ही हात भिंतीवर ठेवले. कुंडीपासून सुरुवात केली, मग चपटीचे वाळके पापुद्रे, फटींतले दाणे, मॉस, आणि वर नेच्याची चुरगळणारी पानं. तिथे हात बराच वेळ थांबला.

मग बाई मुलांकडे वळल्या. “तुमचं नशीब चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की डबकं आटलं, काही मेले, काही राहिले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते घरी जायचे. दाखवता मला कधीच आलं नाही, कारण भिंत कोरडी करायची माझी हिंमत नव्हती. या मुलीनं केली. या, हात लावून बघा. कोण कसं टिकलं ते बघा.”

त्या दिवशी बाई दीड तास बोलल्या. मॉस वाळून वाट बघत कसं बसलं, चपटी सावलीच्या फटीत कशी तगली, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं. नेच्यापाशी आल्यावर एका मुलानं विचारलं, “याच्या अंगात तर पाइप आहेत, मग हाच का वाळला?”

बाईंनी थोरलीकडे मान वळवली. “तू सांग.”

थोरली म्हणाली, “पाइप कितीही चांगला असला तरी वरून पाणी बंद केल्यावर तो काय करणार?”

बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, “वाळकी पानं काप आता. हळूच. बुंध्याला धक्का लावू नकोस.” थोरलीनं एकेक पान कापलं. शेवटचं कापल्यावर खाली, तपकिरी लवेत, वाटाण्याएवढी एक गुंडाळी दिसली, घट्ट मिटलेली, टोकाला फिक्कट हिरवी. पानांच्या चुऱ्याखाली ती नऊ दिवस कुणाला दिसलीच नव्हती. थोरलीनं बाईंचं बोट धरून तिच्यावर टेकवलं.

“आहे,” बाई म्हणाल्या. एवढंच. मास्तरांनी तोंड फिरवलं आणि उगाच पेटीत काहीतरी शोधायला लागले.

जाताना बाईंनी थोरलीला विचारलं, “किती ठेवलेस?”

“अठ्ठेचाळीस. ऊन उतरलं की चाळीसवर आणीन. दोरा दर दोन महिन्यांनी.”

“मग पुढच्या वर्षी येईन म्हणते,” बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी स्टोअरकीपर वही घेऊन आला. ओठांवर हसू दाबलेलं. वहीत नवी नोंद होती: ‘उत्तर भिंत. पुन्हा गळती.’ मास्तर तिथेच बसले होते, त्यांनी वहीसाठी सवयीनं हात पुढे केला. पण वही थोरलीनं आधीच घेतली होती. वर स्वतःच लिहिलेलं ‘काम पूर्ण’ तिनं एक रेघ मारून खोडलं. मग कुणाला काही न विचारता, बापाच्या अक्षरासारख्याच अक्षरात, समोरच्या रकान्यात लिहिलं: ‘काम चालू आहे.’ सही केली, वही परत दिली आणि दोऱ्याचं रीळ शर्टाच्या खिशात टाकून बोळाकडे निघाली.